आपले देव अंत्रुजात आले कसे? एका मेसेजला उत्तर

आमच्या गोव्यातल्या देवस्थानच्या महाजनांचा, म्हणजे देवस्थानाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या घराण्यांतल्या सभासदांचा, मोबाइलवर एक गट आहे. पालखीची वेळ, अभिषेकाची यादी, कुणाकडे सुतक आहे, असा मजकूर त्यात असतो. १८ जूनच्या, म्हणजे गोवा क्रांतिदिनाच्या, तोंडावर तिथे एक लांबलचक मेसेज आला. तोच पुढे मला आणखी तीन गटांतून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: कायदा पाळणं हीच नीती. कारण कितीही उदात्त असो, कायदा मोडणारा तो गुन्हेगारच. कायदा नको असेल तर बदला, मोडू नका. सरकारी माणसाला विवेक नसतो, आदेश असतो. जो तो आपल्या मनाचं ऐकू लागला तर अराजक माजेल. शेवटी बाबासाहेब आणि सॉक्रेटिस यांचा हवाला, आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

‘कायदा मोडणारा तो गुन्हेगारच’

हे महाजनांच्या गटात यावं याची गंमत वाटली. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सगळी गावं तेव्हाच्या साष्टीतली, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या पोर्तुगीज मुलखातली. मग आपण दर्शनाला मंगेशी, कवळे, म्हार्दोळ आणि रामनाथी का गाठतो? कारण सोळाव्या शतकात साष्टीत देवळं पाडणं हा पोर्तुगीजांचा सरकारी हुकूम होता आणि मूर्ती पुजणं हा गुन्हा. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं; ते मधली थोडी वर्षं सोडता १८१२ पर्यंत हललं नाही. आपल्या पूर्वजांनी देव उचलले, जुवारी नदी ओलांडली आणि आदिलशाहीतल्या अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेऊन वसवले. मेसेजच्या हिशेबाने ते फरारी गुन्हेगार ठरतात, आणि दर सोमवारी आपण ज्या पालखीपुढे हात जोडतो तिच्यात मुद्देमाल बसलेला असतो.

खुद्द कायदासुद्धा इतका कडक बोलत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९ (जुन्या दंडविधानातलं ८१) सांगतं की मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेने केलेल्या कृत्यातून कुणाचं नुकसान झालं तरी तेवढ्यावरून ते कृत्य गुन्हा ठरत नाही. दंडविधानात दिलेलं उदाहरण आगीचं आहे: आग पसरू नये म्हणून कुणी मधली घरं पाडली, तर आधी धोका किती मोठा आणि किती जवळ होता ते पाहायचं.

‘नको असेल तर बदला, मोडू नका’

कुठे बदलायचा होता? लिस्बनला? पोर्तुगालच्या १९३० च्या वसाहत कायद्यानंतर इथे सभा नाही, संघटना नाही, आणि लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवायची. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मोडलं ते इतकंच, की परवानगीशिवाय सभेत उभे राहिले. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. कायदा बदलायचं दार उघडं असताना ही माणसं भिंत फोडायला गेली, असं म्हणणाऱ्याने ते दार मला दाखवावं.

‘सरकारी माणसाला विवेक नसतो’

१४ डिसेंबर १९६१ ला, भारतीय सैन्य गोव्यात शिरण्याच्या तोंडावर, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना संदेश पाठवला. शरणागती नाही, सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील, असा त्याचा मतलब. सैनिकाला याहून स्पष्ट आदेश काय मिळणार? १९ डिसेंबरला त्यांनी शरणागतीवर सही केली. पुढे पोर्तुगालने त्यांना सैन्यातून काढून टाकलं, आणि १९७४ च्या क्रांतीनंतर मान परत दिला. ते काही आपल्या बाजूचे नव्हते. पण त्यांनी आदेश अक्षरशः पाळला असता, तर त्या दिवसांत दोन्हीकडची आणि पणजीतली किती माणसं गेली असती, याचा विचार मेसेजवाल्याने करावा.

‘मग अराजक माजेल’

हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे रातोरात ट्रकभर माती ओतून शेत बुजवणारासुद्धा ‘अन्यायी कायदा’ म्हणूनच बोलतो. मग त्याच्यात आणि सत्याग्रहीत फरक काय?

नेहमीचं उत्तर असं, की सत्याग्रही उघड मोडतो आणि शिक्षा मागून घेतो. गांधीजींनी १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात जास्तीत जास्त शिक्षा द्या म्हटलं. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन, दिवसाउजेडी, पोर्तुगीजांच्या गोळीच्या दिशेने चालत गेले. पण मग माझेच देव अडचणीत येतात. ते काही वाजतगाजत नेलेले नाहीत, लपूनछपूनच नेले. म्हणजे उघडपणा ही एकच कसोटी पुरत नाही. ज्या कोर्टाकडून न्यायाची अपेक्षा ठेवता येते, त्याच्यासमोर उभं राहण्यात अर्थ असतो. इन्क्विझिशनसमोर उभं राहणं म्हणजे निव्वळ जळून जाणं.

मला उपयोगी पडते ती कसोटी वेगळी: कायदा मोडून पदरात काय पडलं, आणि किंमत कुणी मोजली? देव घेऊन गेलेल्यांचं घर गेलं, भाट (बागायत) गेलं, गाव गेला. माती ओतणाऱ्याला प्लॉट मिळतो आणि पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं.

‘बाबासाहेबांनीच सत्याग्रह नाकारला’

अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी कायदेभंग आणि सत्याग्रह सोडून द्या असं सांगितलं, अराजकाचं व्याकरण म्हटलं, हे बरोबर. पण त्याच दमात त्यांनी असंही सांगितलं, की घटनात्मक मार्ग मुळी नव्हतेच तेव्हा त्या पद्धतींना बरंचसं समर्थन होतं. ते भाषण झालं त्या दिवशी गोव्याला ना खरं मत होतं, ना स्वतःची घटना. म्हणजे १९५५ चे सत्याग्रही त्यांच्या अपवादात बसतात, नियमात नाही.

आणि महाड? मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर ते कायद्याच्या बाजूनेच गेले होते, तळं नगरपालिकेने आधीच खुलं केलेलं होतं. डिसेंबरात विरोधकांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला, तेव्हा त्यांनी तळ्यावर जायचं थांबवलं, मनुस्मृती जाळली आणि खटला लढत राहिले. निकाल हाती यायला १९३७ उजाडलं. हुकूम पाळायचा की नाही हे त्यांनी विचार करून ठरवलं. मेसेजला नेमका तो विचारच नको आहे.

‘सॉक्रेटिसने विष घेतलं’

घेतलं, अथेन्सच्या कोर्टाची शिक्षा मानून. पण त्याआधी त्याच कोर्टाला सांगितलं होतं, की प्रश्न विचारणं बंद करा म्हणाल तर ऐकणार नाही. ते वाक्य मेसेजमधून गळलं.

हे सगळं मी गटात टाकलं. तासाभराने एका काकांचं उत्तर आलं: ‘मग हेल्मेट घालायचं की नाही?’ घालायचं, काका. आणि अष्टमीच्या दिवशी देवळासमोर गाडी वाटेत लावायची नाही.