मॉरिस वेगळे, मॅरिस वेगळे

"पंडित भातखंड्यांनी देशातलं पहिलं विद्यापीठीय संगीत महाविद्यालय आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात काढलं, पुढे ते लखनौला हललं." सोबत 'भातखंडे लिपीतलं', म्हणजे त्यांच्या स्वरलेखन पद्धतीतलं, म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो. हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय.

मॉरिस कॉलेजात? सीताबर्डीच्या टी पॉइंटला नाव देणारं हे कॉलेज १८८५ चं, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर जॉन मॉरिस यांच्या नावाचं. तेव्हा पंचविशीतले भातखंडे मुंबईत शिकत होते. लखनौचं संगीत कॉलेज १९२६ चं, संयुक्त प्रांतांचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांच्या नावाचं. हिंदीतल्या 'मैरिस'चा आपल्याकडे येता येता 'मॉरिस' झाला, एवढाच घोळ.

हललं? इथून काहीच हललं नाही. लखनौच्या १९२४ आणि १९२५ च्या संगीत परिषदांतून ते कॉलेज उभं राहिलं. राय उमानाथ बली आणि तिथले शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली त्यामागे होते.

विद्यापीठीय, तेही पहिलं? मॅरिस कॉलेज कुठल्या विद्यापीठाचा विभाग नव्हतं. १९६६ मध्ये ते सरकारकडे गेलं, भातखंड्यांचं नाव लागलं; अभिमत विद्यापीठ झालं ते २००० साली. बडोद्याची मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, आणि ती १९४९ मध्ये खरोखर विद्यापीठात आली. नागपूरला मिरवायचंच असेल तर खैरागढचं संगीत विद्यापीठ आहे: १९५६ मध्ये ते स्थापन झालं तेव्हा खैरागढ ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी नागपूर होती.

आता ते पान. त्यावर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) १ आणि खालीला (टाळी न देता हात सोडायच्या मात्रेला) + आहे, म्हणजे लिपी विष्णु दिगंबर पलुस्करांची. भातखंडे समेला × आणि खालीला ० देतात. कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ दिसली तर भातखंडे, पाय मोडल्यासारखी तिरकी खूण दिसली तर पलुस्कर. खरा दगा देतं ते डोक्यावरचं टिंब. भातखंड्यांकडे ते तार (वरच्या) सप्तकाचं, पलुस्करांकडे मंद्राचं (खालच्या सप्तकाचं). लिपी चुकली की मंद्र निषाद दोन सप्तकं वर जातो. डोक्यावरची उभी रेघही तशीच: पलुस्करांचा तार मध्यम (म) भातखंडे पद्धतीने वाचला की तीव्र (चढा) होतो, आणि बागेश्रीची तान भलत्याच रागात जाऊन बसते.