रेसिडेन्ट डॉक्टरांना १०८ अॅम्ब्युलन्सवर पाठवा

एमडी-एमएस होईपर्यंत आमचे रेसिडेन्ट असंख्य गंभीर पेशंट सांभाळतात, पण ते सगळे कॅज्युअल्टीच्या दारातून आत आलेले असतात. दाराबाहेर काय करायचं, हे आम्ही शिकवतच नाही. सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवताना मला हे फार लागतं.

वऱ्हाडाचा टेम्पो उलटला की आधी कोण येतं? ज्यांना चालता येतं ते. मिळेल त्या जीपने, पिकअपने. खरचटलेले, हात मोडलेले, आणि मागे अर्धं गाव. बघता बघता ट्रॉल्या भरतात, कॅज्युअल्टीचे ड्युटी डॉक्टर (सीएमओ) पोलीस केसचे (एमएलसी) कागद करायला बसतात, रेसिडेन्ट टाके घालायला घेतात. मग अॅम्ब्युलन्स येते. पोटात रक्तस्राव झालेला, छाती दबलेला पेशंट त्यात असतो आणि त्याला ठेवायला ट्रॉली नसते. हे मी पाहिलंय. दोष त्या पोरांचा नाही. ट्रायज, म्हणजे कुणाला आधी बघायचं हे ठरवणं, दारातच करायचा, हे त्यांनी फक्त वाचलेलं असतं.

शिवाय ट्रायज वॉर्डातल्या सवयीच्या बरोबर उलट आहे. वॉर्डात श्वास थांबला की सगळे धावतात. वीस जखमी आणि आपण दोघंच असू, तर श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास आला तर लाल पट्टी, म्हणजे याला आधी; नाही आला तर काळी, म्हणजे हा हातातून गेला; आणि पुढच्याकडे वळायचं. मिनिटाला ३० च्या वर श्वास, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त वेळ, साधी सूचना न पाळता येणं, यातलं काहीही असलं तरी लाल. नियम पाच मिनिटांत पाठ होतात. पण काळी पट्टी बांधली तेव्हा त्याची आई शेजारी उभी असेल, तर? सरावाशिवाय ते कुणालाच जमत नाही.

ढिगाऱ्याखालीही तेच. पायावर तासन्‌तास दगड असेल तर तो उचलण्याआधी सलाईन चालू करायचं. नाहीतर दाबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकतं. पुस्तकातलं हे सगळ्यांना येतं, पण चिखलात, बॅटरीच्या उजेडात शीर कुणी शोधलेली नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, पावसात डोंगर चढायचा होता. त्या चढावर नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराने गेले. वाचवायला जाणाऱ्यांनाही डॉक्टर लागतो.

पहिल्या वर्षी बीसीएलएस-एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवण्याचं प्रशिक्षण, सक्तीचं आहे, चांगलंच आहे. पण तिथे समोर एकच पेशंट असतो, तोही पुतळा. वेळ काढायचाच तर डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करायचे, तीन महिने आहेत. त्यातले दोन आठवडे १०८ वर द्या. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा चालू आहे, तिच्यातले बरेचसे डॉक्टर बीएएमएस आहेत. अरुंद जिन्यातून स्ट्रेचर कसं उतरवायचं, हायवेवर गाडी कुठे उभी करायची, हे त्यांच्याकडून निमूट शिकावं. आमच्या पदवीला त्यात कमीपणा नाही.

वॉर्डात हात कमी पडतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून एका वेळी एका विभागातून एकच रेसिडेन्ट पाठवा, पण पाठवा.

नाशिकला २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाटांवरच्या मॉक ड्रिल होतील, त्यांत आसपासच्या मेडिकल कॉलेजांचे रेसिडेन्ट पट्ट्या हातात घेऊन उभे असले पाहिजेत. त्यांच्या ड्युट्या आत्ताच लावा.