अनामत भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ

परवा रात्री नऊच्या सुमारास अक्का घरी आली. सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पोरीच्या अ‍ॅडमिशनचे कागद. म्हणाली, "तू शिकलेली हायस, बघ की जरा. हे पैसे परत मिळतेत का?"

कागद दिव्याखाली पसरले. पहिली पावती कॉम्प्युटरवर काढलेली, कॉलेजचं नाव छापलेली, रक्कम अगदी किरकोळ. दुसरी कोऱ्या कागदावर पेनानं लिहिलेली: 'अनामत रु. ४०,०००'. शिक्का नाही, पावती नंबर नाही, सही कुणाची ते लागत नाही. अक्का त्या आकड्यावर अंगठा ठेवून बसली होती. अंगठ्याच्या कडेला पानं कातरून पडलेल्या भेगा, त्यात तंबाखूचा काळा डाग. माझ्या आईचा अंगठा असाच होता.

पोरगी हुशार आहे. सीईटी दिली, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला, तोही सोलापुरातच. ओबीसी दाखला आहे, उत्पन्नाचा दाखला आहे. फी माफीसाठी वर्षाला आठ लाख उत्पन्नाची मर्यादा आहे, ती सोडा, या घरानं एक लाख रुपये कधी एकत्र पाहिलेले नाहीत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मं माफ होतं, आता सगळं. प्रवेशाच्या वेळी मुलींकडून ही फी मागू नका, असं सरकारनं कॉलेजांना सांगितलेलंही आहे. म्हणून फी मागितली जात नाही. 'अनामत' मागितली जाते. खिडकीवर सांगतात, "आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ." स्कॉलरशिप म्हणजे या माफीपोटी सरकारकडून येणारे पैसे.

अक्कानं हे ४० हजार आणले कुठून? बचत गटाचे थोडे, बाकीचे फायनान्सवाल्यांकडून. दर आठवड्याला हप्ता आहे. हप्त्याच्या दिवशी ते लोक गल्लीत येऊन बसतात, सगळ्यांचे पैसे जमल्याशिवाय उठत नाहीत. अक्का व्याज भरते आणि तेच पैसे कॉलेजकडे वर्षभर बिनव्याजी पडून राहतात. अशा किती आया असतील, हिशेब करा. विडी वळणाऱ्या बाईनं संस्थेला बिनव्याजी भांडवल पुरवायचं, हे मला कुठल्याही अंगानं पटत नाही. माझा सगळा राग एवढ्याच गोष्टीवर आहे.

कॉलेजवाल्यांची बाजू मला माहीत आहे. सरकारकडून शुल्काची भरपाई वेळेवर येत नाही, हप्त्यांनी येते, कधी वर्ष उलटतं. तोवर प्राध्यापकांचे पगार थकतात. हे खरं आहे, विनाअनुदानित कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं बिनपगारी महिने काढलेत. पण मग संस्थाचालकांनी भांडावं सरकारशी. त्यांच्याकडे वकील आहेत, आमदार आहेत, मंत्रालयापर्यंत ओळखी आहेत. अक्काकडे काय आहे?

मी शिकले ते अनुदानित कॉलेजात. प्राध्यापकांचा पगार सरकार द्यायचं, म्हणून माझी वर्षाची फी आईच्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीत बसायची. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी शेजारी बसून अभ्यास करायचे. त्या काळीही गरिबी हीच होती, फीचा आकडा तेवढा वेगळा होता. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि खर्चाचं ओझं घरावर आलं. त्यामुळे आपल्या पोरांना घराजवळ कॉलेज मिळालं, हे मी नाकारत नाही. नाहीतर बारावी झाली की गाडी पकडून पुणं गाठायचं, आणि पोरगी असेल तर घरातूनच "नको" यायचं.

पण शिक्षण हा धंदा नाही, हे आपल्याकडे कायद्यानं ठरलेलं आहे. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून बंदी आहे. २००२ साली सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं की संस्थेला वाढीसाठी रास्त शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही. २०१५ च्या कायद्यानं राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आलं. कॉलेजनं खर्च दाखवायचा, प्राधिकरणानं फी ठरवायची, त्यावर एक रुपया घ्यायचा नाही. कागदावर सगळं चोख आहे. म्हणूनच कोऱ्या कागदाची पावती निघते.

आणि माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काचीच आहे. बसचे पैसे, पुस्तकं, लॅपटॉप यांचा भार घरावरच. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवर, प्रवेश घेतला तर माफीही नाही. "सीट भरत आली, आजच घ्या" म्हणून घाई करणारे लोक हे सांगत नाहीत. कॅपच्या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत थांबा, एवढं कळकळीनं सांगते.

अक्काच्या पिशवीत अजून एक गोष्ट नव्हती. पोरीची दहावी-बारावीची मूळ मार्कशीट. "कॉलेजनं ठेवून घेतली," म्हणाली. मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, अडवून ठेवायचे नाहीत, हे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१८ सालीच स्पष्ट केलंय. अक्काला वाटत होतं, कॉलेजात गेलं की कागद तिथंच राहतात. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरगी सगळा वेळ दारात उभी होती. शेवटी हळूच म्हणाली, "मावशी, तक्रार केली तर मला इंटरनलला मार्क कमी देतील का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. अठरा वर्षांच्या पोरीला कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात ही भीती वाटावी, याचं फार वाईट वाटलं.

सोमवारी आम्ही तिघी जाणार आहोत. शासन निर्णयाची प्रिंट काढलीय. अनामत आणि मार्कशीट परत मागणारा अर्ज दोन प्रतींत लिहिलाय, एक त्यांना, एक पोच घ्यायला. अक्काला सांगून ठेवलंय, प्रतीवर शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. त्या दिवसाच्या विड्या ती रविवारी रात्रीच वळून ठेवणार आहे.