चुकीचा मेगाट्रॉन आणि आमचा चुकलेला तक्ता : एका रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तक्रार थोडक्यात सांगतो. तुमचा नऊ वर्षांचा मुलगा बाबांसोबत 1984 ची जुनी ट्रान्सफॉर्मर्स कार्टून मालिका बघतोय, म्हणजे गाड्या नि शस्त्रं होणाऱ्या रोबोंची. वाढदिवसाला त्याला मेगाट्रॉन, म्हणजे त्यातला खलनायक, हवा होता. आम्ही लीडर क्लासचा, म्हणजे मोठ्या आकाराचा खोका गिफ्ट पॅक करून दिला आणि घरी उघडल्यावर आतून टी-रेक्स निघाला. तुम्ही घेताना विचारलं होतं, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘मॅडम, सगळी एकच स्टोरी आहे’ असं सांगितलं. सोबत आमचा ‘कुठून बघायचं’ हा छापील तक्ता दिला होता. त्यात बीस्ट वॉर्स पहिल्या नंबरला, जुनी मालिका दुसऱ्या, आणि पुढे 1986 चा सिनेमा नि 2007 चा सिनेमा एकाखाली एक. 2007 च्या सिनेमातला नायक ऑप्टिमस प्राइम बघून मुलाने विचारलं, ऑप्टिमस प्राइम आधीच मेला ना, मग हा कोण? तुम्ही लिहिलंय, ‘मालाची माहिती नसेल तर तक्ते छापू नयेत.’

तुमचं म्हणणं बरोबर आहे. ‘एकच स्टोरी’ हे वाक्य आमच्या दुकानातून जायलाच नको होतं. तो मुलगा नवीन आहे, पण त्याला शिकवायचं काम माझं होतं आणि तक्ताही मीच केला होता. चूक माझी. खोका फोडलेला असला तरी बदलून देईन, नको असेल तर पैसे परत.

आता खेळण्याबद्दल. तुमच्या मुलाला हवा होता तो मेगाट्रॉन 1984 चा, पिस्तूल होणारा. तुमच्याकडे आला तो बीस्ट वॉर्सचा, टी-रेक्स डायनासोर होणारा. ही मालिका 1996 ते 1999 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला कॉम्प्युटर ॲनिमेशनने बनली. त्यातला मेगाट्रॉन ही वेगळी व्यक्ती आहे, जुन्याचं नाव लावणारी. 2021 च्या ‘किंगडम’ सिरीजच्या खेळण्यांत कंपनीने दोन्ही काळांतली पात्रं एकाच प्रकारच्या खोक्यांत आणली, त्यामुळे शेल्फवर हा आणि तो शेजारीशेजारी येतात. म्हणूनच विकणाऱ्याने विचारायला हवं होतं की मुलगा कुठली मालिका बघतो. एवढा एक प्रश्न विचारला असता तर त्याचा वाढदिवस बिघडला नसता. मला त्याचं खरंच वाईट वाटतंय.

तक्त्याची चूक जरा वेगळी आहे. बीस्ट वॉर्समधले दोन गट, मॅक्सिमल आणि प्रेडाकॉन, हे जुन्या मालिकेतल्या चांगल्या ऑटोबॉट आणि वाईट डिसेप्टिकॉन गटांचे वंशज आहेत, म्हणजे नंतरच्या काळातले. पण ते कालप्रवास करून आदिम पृथ्वीवर पडतात, तेव्हा जुने रोबो ‘आर्क’ यानात चाळीस लाख वर्षांच्या झोपेत असतात. मी गोष्टीतला काळ धरला आणि बीस्ट वॉर्स वर टाकलं. गणित चुकलं नाही, पण बघणाऱ्या मुलाचा त्यात काहीच विचार नव्हता. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ‘द अजेंडा’ नावाचे तीन भाग आहेत. त्यात कळतं की जुन्या मेगाट्रॉनने सोन्याच्या तबकडीत आपल्या वंशजांसाठी निरोप लपवून ठेवला होता. मग नवा मेगाट्रॉन आर्कमध्ये शिरतो. समोर ऑप्टिमस प्राइम निजलेला, आणि हा त्याच्या तोंडावर बंदूक रोखतो. ज्याने 1984 ची मालिका पाहिली आहे त्याच्या पोटात तिथे गोळा येतो. ज्याने आमच्या तक्त्याप्रमाणे बीस्ट वॉर्स आधी पाहिलं, त्याला हा निजलेला लाल-निळा रोबो कोण तेच कळणार नाही. म्हणून ताई, त्याला जुनी मालिका आधी पूर्ण बघू द्या. ज्या क्रमाने बनलं त्याच क्रमाने बघायचं, हे माझं आता पक्कं मत आहे.

ऑप्टिमसच्या मरणाचं उत्तरही तुमच्या मुलाला द्यायचं आहे. 1986 च्या ॲनिमेशन सिनेमाची गोष्ट 2005 सालात घडते आणि त्यात तो खरोखर मरतो. कारण दुकानातलं आहे. आदल्या वर्षांची खेळणी शेल्फवरून काढायची होती आणि नवी आणायची होती, म्हणून जुनी पात्रं पडद्यावर मारली गेली. मुलं इतकी रडली, पालक इतके चिडले, की 1987 मध्ये त्याच मालिकेत दोन भाग करून त्याला परत आणावं लागलं. म्हणजे जुन्या मालिकेतला ऑप्टिमस त्याच मालिकेत जिवंत झाला. 2007 च्या सिनेमातला मात्र वेगळाच, त्याचा या मरणाशी काही संबंध नाही. मी दोघांना एका रांगेत बसवलं, ती माझी सगळ्यात मोठी चूक.

अशा प्रत्येक वेगळ्या गोष्टीला आम्ही दुकानात ‘घराणं’ म्हणतो. राग तोच असला तरी प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी, आणि एकाची तान दुसऱ्याच्या बंदिशीत शोधत बसायची नाही. ट्रान्सफॉर्मर्समध्ये घराणी पहिल्याच वर्षी फुटली. मुळात ही जपानच्या टाकारा कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रोमॅन अशी दोन वेगळी खेळणी. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेतली आणि नावं, स्वभाव मार्व्हल कॉमिक्सकडून लिहून घेतले, त्यातला मोठा वाटा बॉब ब्युडियान्स्की यांचा. त्याच मजकुरावरून 1984 मध्ये कॉमिक आणि कार्टून दोन्ही निघाले आणि लगेच वेगळ्या वाटांना लागले. कॉमिकमध्ये शॉकवेव्ह हा डिसेप्टिकॉन मेगाट्रॉनकडून सत्ता काढून घेतो, कार्टूनमध्ये तो इमानदारीने सायबरट्रॉन हा रोबोंचा मूळ ग्रह सांभाळत बसतो. पुढे कार्टूनलाही दोन फाटे फुटले. अमेरिकेत शेवट ‘द रीबर्थ’च्या तीन भागांनी झाला. जपानने ते बाजूला ठेवून 1987 मध्ये स्वतःची 35 भागांची ‘हेडमास्टर्स’ केली आणि पुढे आणखी मालिका. दोन्ही शेवट आपापल्या जागी खरे. 2010 च्या सुमारास हॅस्ब्रोने गेम, कादंबरी आणि ‘प्राइम’ ही मालिका एकाच इतिहासात बसवायचा प्रयत्न केला, तरी सांधे पूर्ण जुळले नाहीत.

आणि एकाच घराण्यात तरी सगळं जुळतं का? तुमचा मुलगा लवकरच कन्स्ट्रक्टिकॉनपाशी पोचेल, ते हिरवे, बांधकामाच्या गाड्या होणारे. पहिल्या सीझनमध्ये सांगतात की ते पृथ्वीवर गुहेत बनवले. दुसऱ्यात ते फार पूर्वीपासून सायबरट्रॉनवर असतात, ओमेगा सुप्रीम या ऑटोबॉटचे दोस्त, मेगाट्रॉनने त्यांची मती फिरवलेली. तिसऱ्यात चक्क त्यांनीच मेगाट्रॉन बनवलेला! यातलं खरं कुठलं, असं त्याने विचारलं तर कृपया ‘कार्टून आहे रे, सोड’ म्हणू नका. त्याला वही द्या आणि तिन्ही लिहून काढायला सांगा. मी त्याच्याएवढा असतो तर मला तेच आवडलं असतं.

जुने तक्ते मी आज सकाळी काउंटरवरून उचलले. नव्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत, बनल्याचं साल आणि गोष्टीतला काळ. शेल्फवर प्रत्येक घराण्याला वेगळ्या रंगाचा ठिपका लावतोय, 1984 चं लाल, बीस्ट वॉर्स हिरवं, सिनेमे निळे. किंगडमच्या खोक्यांवर पात्राच्या मूळ घराण्याचा ठिपका लागेल. आणि ‘कुठली मालिका बघतो?’ हे विचारल्याशिवाय कुणीही खोका पॅक करणार नाही, हे कालच सगळ्यांना सांगितलं.

एक विनंती. बदलायला याल तेव्हा मुलाला सोबत आणा. जुन्या मेगाट्रॉनचं पिस्तुलाचं खेळणं सध्या माझ्याकडे नाही, त्याच घराण्यातला पण रणगाडा होणारा व्हॉयेजर क्लासचा आहे. तो त्याने हातात घेऊन, दोनदा रोबोचा रणगाडा करून बघावा, मग ठरवावं. त्याला टी-रेक्सच ठेवावासा वाटला तर तेही चालेल. रणगाड्याचा खोका बिलासकट काउंटरच्या मागे तुमच्या नावाने ठेवला आहे. मी रविवारी दिवसभर दुकानात आहे.

— दुकानमालक