अरे साधं म्हणजे साधं रे बाबा!

मी पेट्रोल पंपावर गाडी लावतो, काच खाली करतो आणि सांगतो, "साधं, दोन हजारचं." तीन शब्द आहेत. यातला कुठला शब्द कळत नाही ते मला कुणीतरी समजावून सांगा, कारण गेल्या वर्षभरात हे माझ्याबरोबर चौथ्यांदा झालंय आणि रविवारी तर हद्द झाली.

रविवारी साताऱ्याला निघालो होतो, सासूबाईंच्या माहेरी काहीतरी कार्यक्रम. गाडीत मी, बायको, मागे सासरे-सासूबाई आणि दोघांच्या मधे लाडवांचा डबा. हायवेला लागल्यावर टाकी कमी दिसली म्हणून एका पंपावर घेतली. पोरगा आला, हसतमुख, "प्रीमियम टाकू ना सर?" प्रीमियम म्हणजे ते लिटरला सात-आठ रुपये महाग पेट्रोल. हे "ना" बघा. "साधं की प्रीमियम" असं विचारतच नाहीत आता, "प्रीमियम टाकू ना", म्हणजे तुम्ही गाफील असाल तर मान हलते आणि काम झालं. मी म्हटलं साधं. तो म्हणाला झीरो बघा सर. मी झीरो बघितला. तेवढ्यात दुसरा पोरगा या बाजूच्या काचेवर, सर यूपीआय का कार्ड, सर गाडीचा नंबर सांगा, सर इंजेक्टर क्लीनरची बाटली घ्या ऑफर आहे, आणि मी त्याला नको नको म्हणेपर्यंत तिकडे भरून झालं होतं. पैसे दिले, पावती घेतली, पावतीवर भाव लिटरला ११२ च्या आसपास. साधं त्या दिवशी १०४ च्या आसपास होतं. म्हणजे झीरो मला दाखवला, नोझल दाखवला नाही. च्यायला, झीरो झीरो करत आपण इतकी वर्षं त्या आकड्याकडेच बघत बसलो आणि यांनी शेजारचा पाइप उचलायला सुरुवात केली.

आणि याची खरी गंमत कुठे आहे माहितीये का? आपण सगळे रुपयांत भरतो. शंभरचं टाक, पाचशेचं टाक, दोन हजारचं टाक. त्यामुळे त्यांनी कुठलंही पेट्रोल टाकलं तरी मशीनवर शेवटी २००० च दिसणार, खिशातून २००० च जाणार, तुम्हाला काही म्हणजे काही कळणार नाही. कमी काय झालं तर लिटर. मी गाडीतच हिशोब केला, साधं असतं तर १९.२३ लिटर आलं असतं, मिळालं १७.८५. जवळजवळ एक लिटर चारशे मिली गायब. माझी गाडी हायवेला पंधराच्या आसपास देते, म्हणजे वीस किलोमीटर गेले हवेत. त्या स्कूटरवाल्या काकू शंभरचं टाकून जातात, त्यांना तर आयुष्यात कळणार नाही, मग घरी जाऊन म्हणतात गाडी हल्ली ॲव्हरेज देत नाही, मेकॅनिकला दाखवायला हवी.

मी उतरलो. म्हटलं अरे मी साधं सांगितलं होतं. तर उत्तर काय? "सर, साध्याचा नोझल बंद आहे." मग आधी सांगायचं ना! नोझल बंद आहे हे पेट्रोल टाकायच्या आधी सांगायची गोष्ट आहे की नंतर? आणि बंद म्हणजे काय तर त्याच्यावर एक चिकटपट्टी मारून ठेवलेली, आणि पलीकडच्या बाजूला रिक्षावाल्याला साधंच भरत होते हो! मी म्हटलं तक्रार वही आणा. साहेब जेवायला गेलेत. सकाळी सव्वादहाला जेवायला गेलेत. वही साहेबांच्या कपाटात. कपाटाची चावी साहेबांकडे. मागे तीन गाड्या हॉर्न मारतायत, आणि गाडीतून सासरे म्हणतायत, "जाऊ द्या हो जावईबापू, शंभर-दीडशेसाठी काय."

इथे माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

कारण हाच तर सगळा डाव आहे. "साधं" हा शब्दच असा करून ठेवलाय की चारचौघांत तो उच्चारताना माणूस आवाज खाली करतो. हॉटेलात वेटर विचारतो ना, "बिसलेरी की साधं पाणी?" अगदी तसंच. समोर मुलीकडचे बसलेत, मित्र बसलेत, नवीन गाडीचं पहिलंच पेट्रोल आहे, कोण म्हणणार साधं? माझ्या एका मित्राने नवी गाडी घेतली तेव्हा पंपावरचा पोरगा त्याला म्हणाला, "एवढी चांगली गाडी आणि साधं टाकताय सर?" तो बिचारा अजून प्रीमियम भरतोय. गाडी कुठली, तर बाराशे सीसीची, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून कोंबणारा पंखा) पत्ता नाही, रोज कोथरूड ते शिवाजीनगर, दुसऱ्या गिअरच्या वर जायची संधी मिळत नाही.

आता प्रीमियमच्या बोर्डावर मोठ्ठा लिहितात त्या ऑक्टेनच्या आकड्याबद्दल. इथे तर लोकांनी नुसता गोंधळ घातलाय. लोकांना वाटतं ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त. साखर जास्त म्हणजे चहा गोड, तसं. तसं नसतं हो! ऑक्टेन म्हणजे ते पेट्रोल दाबल्यावर स्वतःहून पेटायला किती वेळ तग धरतं त्याचा आकडा. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि मग प्लगने ठिणगी टाकायची. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपणच पेटलं तर जो टकटक आवाज येतो, घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी ओढायला लागलो की येतो बघा, ते नॉकिंग. ज्या इंजिनात दाब जास्त, टर्बो वगैरे, तिथे ऑक्टेन जास्त लागतो. ज्याच्यात दाबच तेवढा नाही त्याला जास्त ऑक्टेन देऊन काय होणार? काहीही नाही. माझ्या गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, २०१६ ची गाडी आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय, ऑक्टेन ९१ किंवा जास्त. कंपनीने गाडी बनवली, कंपनी म्हणते ९१ चालेल, आणि पंपावरचा पोरगा म्हणतो नाही सर पिकअप चांगला येतो. बनवणारा खोटा, भरणारा खरा!

आणि याच्यावर कडी ऐका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलमध्ये मिसळतात त्या वीस टक्के इथेनॉलवरून (ऊस, धान्य यांपासून बनणारं अल्कोहोल) लोकांनी बोंब मारली, मायलेज पडला म्हणून, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानेच खुलासा केला की आपल्याकडचं पेट्रोल आधी ८८ ऑक्टेनचं होतं, मग बीएस-सिक्स या प्रदूषणाच्या नियमांमुळे ९१ झालं, आणि आता इथेनॉल मिसळल्यामुळे ९५ झालंय. साधं पेट्रोल. ९५. मग माझा बाळबोध प्रश्न असा की पंपावर जे "प्रीमियम ९५" म्हणून लिटरला सात-आठ रुपये जास्त लावून विकतायत ते कशापेक्षा प्रीमियम आहे? मला कुणीतरी सांगा, मी खरंच विचारतोय. हां, त्यात इंजिन साफ ठेवणारं काहीतरी घातलेलं असतं म्हणतात, असेल, घालत असतील, पण मग बोर्डावर तसं लिहा ना, "साबण घातलेलं पेट्रोल, सात रुपये जास्त," ९५ चा एवढा मोठा आकडा कशाला नाचवताय.

वर त्यातलं काही इथेनॉल म्हणजे आमच्याच उसाचं. सासऱ्यांचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो. म्हणजे ऊस त्यांचा, त्याचं इथेनॉल माझ्या टाकीत, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे गाडी पळणार कमी, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी पडू शकतं, आणि ते भरून काढायला म्हणून लोक काय करतात तर प्रीमियम भरतात, ज्याच्यात पण इथेनॉल असतंच! डोक्याची पार मंडई.

मी मान्य करतो, काही गाड्यांना लागतं. ऑफिसातल्या एकाकडे टर्बो आहे, त्याच्या पुस्तकात ९५ लिहिलंय, त्याने भरावं की, त्याला कोण नको म्हणतंय. २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं काढलं, पहिल्या दहा शहरांत पुणं पण होतं, लिटरला १६० रुपये भाव होता, ते त्या भारी बाइकवाल्यांसाठी आहे, ठीक आहे, हौसेला मोल नाही. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. माझी तक्रार ही आहे की मला निवड दिल्याचं नाटक करायचं आणि निवडू द्यायचं नाही.

आणि सल्ले देणारे वेगळेच. "दर तिसऱ्या टाकीला एकदा प्रीमियम टाकायचं, इंजिन साफ होतं." म्हणजे लहानपणी महिन्यातून एकदा एरंडेल पाजायचे तसं. कुणी सांगितलं? कुणीतरी सांगितलं. कुठे वाचलं? व्हॉट्सॲपवर. एकजण तर मला म्हणाला दोन्ही मिक्स झालं की इंजिन खराब होतं, त्यामुळे एकदा सुरू केलं की बंद करायचं नाही. अरे पेट्रोल आहे का बीपीची गोळी?

पैसा कुठे जातो तेही बघा जरा. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आहे, वर लिटरला पाच रुपये बारा पैसे वेगळे. टक्केवारी म्हटली की महाग विकलं तर व्हॅट पण जास्त. केंद्राची एक्साइज पण ब्रँडेडवर, म्हणजे प्रीमियमवर, थोडी चढीच. म्हणजे कंपनी खूश, मालक खूश, मुंबई खूश, दिल्ली खूश. आता ही चूक दुरुस्त करायची घाई कुणाला असणार सांगा बघू.

त्या पोराचा राग येत नाही मला, खरं सांगतो. आला होता तेव्हा, दोन शब्द बोललो पण. पण पावती परत घेताना तो हळूच म्हणाला, "सर, दिवसाचं टार्गेट असतं, नाही झालं की मॅनेजर ओरडतो." उन्हात बारा तास उभा, तोंडावर फडकं बांधून पेट्रोलचा वास खात, त्याच्याशी मी काय भांडू? भांडायचं ज्याच्याशी तो सव्वादहाला जेवायला गेलाय.

तर आता मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. गाडीतून खाली उतरतो. मशीनपाशी जाऊन उभा राहतो. भाव कुठला दिसतोय ते बघतो आणि मग झीरो बघतो. यूपीआयवाला आला की सांगतो थांब, आधी भरून होऊ दे. आणि रुपयांत न सांगता लिटरमध्ये सांगतो, वीस लिटर, मग किती होतायत ते बघू, कारण लिटरमध्ये सांगितलं की महाग टाकल्यावर आकडा लगेच बोंबलतो. आणखी एक, संशय आला तर पाच लिटरचं माप मागायचं, ते त्यांना ठेवावंच लागतं आणि मागितलं की मोजून दाखवावं लागतं. नुसतं मागितलं तरी चेहरे बघण्यासारखे होतात. बायको म्हणते पेट्रोल भरायला निघालात का पंचनामा करायला. म्हणू दे.

असो. रविवारचं राहिलंच सांगायचं. तिथून निघालो ते गाडीत कुणी बोलेना. ते गेलेले वीस किलोमीटर कुठूनतरी भरून काढायचेच म्हणून मी रागारागात एसी बंद करून टाकला. चारी काचा खाली, सासूबाई पदराने वारा घेतायत, बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते इथे लिहीत नाही. खंबाटकी घाट लागला, तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, एसीचा भार नाही त्यामुळे गाडी अशी सुसाट चढली की विचारू नका, दोन ट्रक आणि एक एसटी मागे टाकली. मागच्या सीटवरून सासरे पुढे वाकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा जावईबापू, उगाच भांडत होतात. पिकअपला फरक पडतोच की हो!"