गणित चांगलं असेल तर शाळेत या

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. मॅथ्समध्ये किती पडले, फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात मिळेल की गोव्याबाहेर पाठवावं लागेल, कॉम्प्युटर मिळेल की मेकॅनिकलवर समाधान मानायचं. अशा वेळी चांगले मार्क मिळवलेल्या एखाद्या मुलीने "मला गणितात बी.एस्सी. करून शाळेत शिकवायचंय" म्हटलं की घरात शांतता पसरते. मी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकींनी अगदी मायेने विचारलं होतं, "बाय, तुका इंजिनियरिंगाक सीट मेळूंक ना?" सीट मिळत होती. मला शिकवायचं होतं.

आता फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी पाचवी ते दहावीला गणित शिकवते. ज्यांचं गणित खरंच चांगलं आहे, त्यांची सगळ्यात जास्त गरज पाचवी-सहावी-सातवीच्या वर्गात आहे, असं माझं ठाम मत आहे. गणिताची भीती दहावीत दिसते, पण ती बसलेली असते याच तीन वर्षांत. अपूर्णांक, ऋण संख्या, मग अक्षरांचं गणित, सगळं तिथेच येतं. त्या वयात 'मला गणित जमत नाही' हे एकदा मनात पक्कं झालं की नववीत कितीही चांगले सर मिळोत, पोर वही उघडतानाच हरलेलं असतं.

लोक म्हणतात, सहावीच्या गणिताला एवढी हुशारी कशाला हवी?

सहावीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहा. बऱ्याच वह्यांत २/५ सापडेल. वरची वरच्यात मिळवली, खालची खालच्यात. त्यावर लाल फुली मारून लसाविची रीत सांगणं दोन मिनिटांचं काम आहे. मी ते उत्तर फळ्यावर तसंच ठेवते आणि विचारते, अर्धा मोठा की दोन पंचमांश? कुणीतरी कंपासपेटीतून पट्टी काढतं. दहा सेंटिमीटरचा अर्धा म्हणजे पाच, दोन पंचमांश म्हणजे चार. जरा वेळाने मागच्या बाकावरून येतं, "टीचर, अर्ध्यात आणखी घातलं आणि कमी कसं झालं?" एवढं झालं की छेद सारखे करायची गरज मला पटवून द्यावी लागत नाही, मुलंच विचारू लागतात की मग करायचं काय. पण हा प्रश्न नेमका कधी टाकायचा आणि कुठे आपण गप्प बसायचं, हे ज्याला फक्त रीत पाठ आहे त्याला सुचणार नाही. भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? ऋण गुणिले ऋण धन का? मुलं हे विचारतातच. "तसा नियम आहे" हे उत्तर ज्या दिवशी मिळतं, त्या दिवशी ती विचारायचं सोडतात.

दुसरं उदाहरण माझ्या मनातून जातच नाही. पाचवीत एक मुलगी होती. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसायची. वहीत तिने ५०० मधून १८० वजा करून ४८० लिहिले होते. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून शून्य काढलं आणि मोकळी झाली. मी वही मिटली आणि विचारलं, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली, भाजी एकशे ऐंशीची झाली, तर परत किती देशील? तिने क्षणही घेतला नाही. वीस दिले की दोनशे, त्यावर तीनशे, म्हणजे तीनशे वीस. पूर्ण बरोबर, आणि पद्धतही तिची स्वतःची. हातचा घेण्याची रीत तिला पूर्वी कुणी शिकवलीच नव्हती असं नाही. पण बाजारातलं ते गणित आणि वहीतलं हे गणित एकच आहे, हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आम्ही मग तिची रीत फळ्यावर मांडली, तिच्याच शेजारी हातच्याची रीत मांडली, दोन्हीकडे ३२० का येतात ते वर्गाने शोधलं. त्या मुलीला 'कच्ची' म्हणणारे लोक मी ऐकलेत. मला त्याचा संताप येतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी गोव्याबाहेरच्यांना चटकन कळत नाही. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी माध्यम आणि पाचवीला हायस्कूलमध्ये आलं की गणित एकदम इंग्रजीत. १९९० पासून माध्यमावर इथे केवढी आंदोलनं झाली, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून किती रान पेटलं, सगळ्यांना आठवत असेल. मला त्या वादात आज पडायचं नाही. वर्गात मला दिसतं ते एवढंच की जूनमध्ये एखादं पोर शाब्दिक उदाहरणापुढे बसून राहतं, आणि तेच उदाहरण मराठीत सांगितलं की लगेच सोडवतं. अशा पोराला उभं करायला दोन्ही भाषांत गणिताचा विचार करू शकणारा माणूस लागतो. तो कोचिंग क्लासमधून येणार नाही, गावातूनच यायला हवा.

कोचिंगवाल्यांवर माझा राग नाही. पण उत्तम गणित येणारी आमची मुलं अकरावी-बारावीच्या क्लासला शिकवायला जातात, कारण पैसा तिथे आहे. म्हणजे जे घाबरून केव्हाच विषय सोडून गेले ते त्यांना भेटतच नाहीत.

पणजीच्या कला अकादमीतल्या डी. डी. कोसंबी विचार महोत्सवाला आपण हौसेने जातो. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव घेतो. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिताचा शिक्षक होता, बनारस, अलीगढ आणि मग कितीतरी वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, हे किती जणांना माहीत आहे? नाणी हातोहात फिरून झिजतात, म्हणजे जितकी जास्त फिरली तितकं सरासरी वजन कमी आणि वजनांतला फरक जास्त. एवढ्याच विचारावर त्यांनी प्राचीन नाण्यांचे साठे तराजूत तोलून त्यांचा क्रम लावला. सातवीला सरासरी शिकवताना मी ही गोष्ट सांगते. सरासरी कशाला काढायची, हा प्रश्न मग पुन्हा येत नाही.

आता व्यवहाराचं बोलू, कारण आईवडिलांची काळजी खोटी नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालंय, म्हणजे पदवीनंतर आणखी दोन वर्षं. अनुदानित शाळेत कायम झालात की पगार चांगला आहे, घर नीट चालतं. अडचण त्याआधीची आहे. 'लेक्चर बेसिस'वर तासामागे पैसे घेत वर्षामागून वर्षं काढणारे चांगले शिक्षक मी पाहिलेत. त्यात काही जण कंटाळून बँकेत गेले, त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. शिक्षक दिनाला हार घालायचे आणि एरवी निवडणुकीच्या याद्या घेऊन दारोदार पाठवायचं, हे थांबायला हवं. या गोष्टी सरकारने सुधारायच्या आहेत आणि आपण त्या मागत राहायच्या आहेत.

"मुलीला बरी नोकरी, दुपारी घरी" म्हणून मात्र कृपा करून कुणाला बी.एड.ला घालू नका. दुपारी घरी येणाऱ्या शिक्षिकेसोबत वह्यांचा गठ्ठा येतो. आणि ज्याला विषय आवडत नाही, त्याचं न आवडणं मुलांना पहिल्या आठवड्यात कळतं.

ज्यांच्या घरी यंदा हा विषय निघाला असेल त्यांना माझं एक सांगणं आहे. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी वाड्यावरच्या एखाद्या सहावी-सातवीच्या मुलाला थोडे दिवस अपूर्णांक शिकवून बघा, तेही ज्याला गणित नको वाटतं अशालाच. त्याची चूक पाहून 'हे याने असं का केलं असेल' याचं कुतूहल वाटलं, तर बेलाशक या वाटेला या. नुसती चीड आली, तर इंजिनियरिंग उत्तम आहे. बी.एस्सी.ला कोणते विषय धरावेत, बी.एड.ची तयारी कशी करावी, याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर मेसेज करा. रात्री वह्या तपासून झाल्या की उत्तर देईन.