पम्याचं खातं आणि अण्णांचा डिंक

पम्याच्या बँकेतल्या खात्यावर कोर्टाची टाच, म्हणजे जप्ती, आली आणि त्यातले पैसे अडकले, हे आता सांगलीत कुणाला सांगायला नको. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी तो मारुती चौकातल्या कट्ट्यावर आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. सगळे एकदम भडंगाच्या पुडीत बघायला लागले. शेवटी पम्याच म्हणाला, "बघा की माझ्याकडं, लेकांनो. मयताला आल्यागत काय बसलाय?"

विक्याला तेवढंच पुरलं. विक्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की तो वकील असतो.

"तू थेट सुप्रीम कोर्टात जा. बँकेतला पैसा म्हणजे मूलभूत हक्क हाय. सात दिवस आधी नोटीस दिल्याबिगर हात लावता येत न्हाय. व्हिडिओ आलाय मला."

"कुठलं कलम?" अण्णांनी विचारलं.

"व्हिडिओत होतं."

अण्णा दिवाणी कोर्टात बेलीफ होते, कोर्टाचे कागद दारोदार पोचवणारे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कुणाच्याही दारात उभे राहिले की आधी पाटी वाचतात, मग कडी वाजवतात.

"सांगून सवरून टाच आणली तर खात्यात पैसं ठेवंल कोण?" अण्णा म्हणाले. "तू ठेवशील?"

विक्या गप्प झाला. फार वेळ नाही.

अण्णांनी मग सांगितलं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. बँकेत टाकलेला पैसा आपला राहत नाही, बँक आपलं देणं लागते. म्हणून कोर्ट बँकेलाच सांगतं, ह्याचं जे देणं लागतेस ते ह्याला देऊ नको, इथं आणून भर, नाहीतर का भरत नाहीस ते सांग. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21, नियम 46-अ. बँकेनं पैसे भरले की बँक मोकळी. "गार्निशी म्हणत्यात त्याला."

"म्हणजे कोथिंबीर भुरभुरत्यात तसं?" विक्या.

"व्हय. पम्यावर भुरभुरली."

पम्या हसला नाही. 61 हजार होते त्यात. पोरीच्या अ‍ॅडमिशनचे. "आणि मी रुपाया उचलला न्हाय कुणाचा," तो म्हणाला. "कर्ज मेव्हण्यानं काढलं, गाडी मेव्हण्यानं उडवली. मी नुसती सही केली."

"नुसती सही," अण्णा म्हणाले. "त्या फायनान्सवाल्याकडंबी तेवढीच हाय, नुसती सही."

1872 च्या करार कायद्यातलं कलम 128 अण्णांना तोंडपाठ आहे. करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी मेव्हण्याला पिळा, मग माझ्याकडं या, असं म्हणायची सोय नाही. सावकार सरळ जो सापडेल त्याच्याकडं जातो, आणि सापडतो तो पगारदार, कारण त्याचा पैसा दर महिन्याला एकाच खिडकीत येतो.

(इथं एक कबुली देतो. तोच मेव्हणा त्याच कागदासाठी आधी माझ्याकडं आला होता. मी पॅनकार्ड घरी विसरलोय म्हणून सटकलो. कार्ड खिशातच होतं. हे मी कट्ट्यावर अजून बोललेलो नाही.)

"पण समन्स आलं तवा काय केलंस?" सुभ्यानं विचारलं.

पम्या भडंग चिवडायला लागला. आला होता बेलीफ. पम्यानं आतनंच सांगितलं, साहेब घरात न्हाईत.

"आतनं कोण बोलतंय असं इचारलं असंल त्यानं," अण्णा म्हणाले.

"इचारलं."

"मग?"

"मी म्हणलं, भाडेकरू."

पम्याच्या घराला भाडेकरू ठेवायला खोलीच नाही. बेलीफानं कागद दाराला चिकटवला, कोर्टात तसं लिहून दिलं, आणि पुढं हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, पम्याच्या गैरहजेरीत एकतर्फी झाला. एकतर्फी निकाल रद्द करून मागायला 30 दिवस असतात. समन्स मिळालंच नसेल तर निकाल कळल्यापासून 30. "पण तुला मिळालं न्हाय असं म्हणणार कसं?" अण्णा म्हणाले. " भाडेकरूला साक्षीला बोलवणार हाईस?"

चिकटवण्याचा विषय निघाला आणि सुभ्याचं डोकं फिरलं. कारण अण्णांनी एका वर्षी सुभ्याच्या वडिलांच्या दारावर असाच कागद चिकटवला होता, तोही सुभ्याच्या बहिणीच्या सुपारीच्या दिवशी. पाहुणे आत आले ते तो कागद वाचूनच. सुभ्या दर सहा महिन्यांनी हे उकरून काढतो.

"दुसऱ्या दिवशी आला असता तर काय कोर्ट पडलं असतं?"

"तारीख दुसऱ्या दिवशी हुती. आणि डिंक माझ्या पदरचा हुता. बिल मिळालं न्हाय त्याचं."

पण गंमत अशी की आज सुभ्या धनकोच्या, म्हणजे ज्याचं येणं आहे त्याच्या, बाजूचा आहे. त्याचं खत-औषधांचं दुकान. तासगावकडच्या एका द्राक्षवाल्यावर त्याचा हुकूमनामा होऊन चार वर्षं झाली. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली करून द्या असा कोर्टाला अर्ज, घातली. दोन वर्षं उलटून गेल्यावर घातल्यामुळं आधी द्राक्षवाल्याला नोटीस काढावी लागली, आणि नोटिशीचा पाहुणचार घेऊन गड्यानं खातं झाडून पुसून ठेवलं. टाच आली तेव्हा शिल्लक 412 रुपये. दुसऱ्या बँकेत त्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडनं उचल घ्यायचं, खातं होतं, पण ते वजा शिलकीत. बँक त्याचं काही लागतच नव्हती, तोच बँकेचं लागत होता. बैल, अवजारं, बियाणं, शेतकऱ्याचं राहतं घर, ह्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 खाली हात लावता येत नाही. बायकोचं मंगळसूत्र तर नाहीच नाही.

"वकिलाला किती घातलं ते इचारू नका," सुभ्या म्हणाला.

"हुकूमनामा म्हंजे नुसती पत्रिका असती बाबा," अण्णा म्हणाले. "पंगत लई लांब."

इथं गुरुजींनी घसा खाकरला. त्यांनी 1872 सालच्या प्रिव्ही कौन्सिलपासून, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या वरच्या कोर्टापासून, सुरुवात केली. हिंदुस्थानात पक्षकाराचे हाल हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात, असं तिथले न्यायाधीश तेव्हाच म्हणाले होते. मग 1875 चे सावकारांविरुद्धचे दंगे, मग 1879 चा दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना सवलत देणारा कायदा, लागू पुणे, सातारा, सोलापूर, नगरला. "तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याला सवलत. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान."

"म्हणजे पम्याला तवाबी सवलत नव्हती," अण्णा म्हणाले, आणि गुरुजींचं 1879 तिथंच थांबलं.

विक्या परत आला. "सोपं हाय. पगाराचं खातं बदल."

"पगार कुठं बदलंल? हुकूम थेट ऑफिसला जाईल." अण्णांनी पम्याच्या 34 हजारांचा हिशोब बोटांवर मांडला. पहिले हजार सोडायचे, राहिलेल्या 33 चे दोन हिस्से सोडायचे, एक हिस्सा धरायचा. महिन्याला 11 हजार. एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिने, मग त्या हुकूमनाम्यापुरता पगार सुटला. पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंडाला टाच लागत नाही. "त्यापरीस वकील गाठ, तडजोड कर, हप्तं पाड. आणि जेवढं भरशील तेवढं मेव्हण्याकडनं वसूल कर. जामीनदाराला तो हक्क हाय. दावा लाव त्याच्यावर."

"बायकोच्या भावावर?"

"तोच कर्जदार हाय न्हवं?"

"आणि तो देत न्हाय म्हणला तर?"

"दिवाणी तुरुंग. तीन महिन्यांपर्यंत. पण त्याच्याकडं पैसं असून देत न्हाय हे दाखवावं लागतंय. नुसता कंगाल हाय म्हणून आत घालत न्हाईत." अण्णांनी सावकाश चहा संपवला. "आणि आत असूस्तोवर त्याच्या जेवणाचा भत्ता तू भरायचा. धनकोनंच भरायचा असतोय."

"मी?" पम्या उठूनच उभा राहिला. "दिवाळी, अधिक महिना, त्याचं जेवण मीच घालतोय की! तुरुंगातबी मीच?"

"तिथं निदान आहेर न्हाय करावा लागत," सुभ्या म्हणाला.

"आणि ह्याला बायकोनं भाईर काढला तर ह्याचा भत्ता कोण भरणार?" मी विचारलं.

अण्णांनी खरंच विचार केला. "तशी तरतूद न्हाय."

पम्या पहिल्यांदा हसला, मग ठसका लागेपर्यंत हसला. सुभ्यानं त्याच्या पाठीवर थापा मारल्या. विक्या तेवढ्यात मोबाईल पुढं करत म्हणाला, "हे बघा, व्हिडिओ सापडला," आणि लावला. त्यातला माणूस वकिलाचा काळा कोट घालून पाकिस्तानातल्या कायद्याबद्दल बोलत होता.